पानांच्या पेल्यातलं पाणी

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधली गोष्ट. आमच्या सरकारी रुग्णालयात तापाचे रुग्ण वाढले होते. सकाळी मी नर्सिंगच्या विद्यार्थिनींना डेंग्यूवर तासभर शिकवलं. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, फ्रिजमागचा ट्रे रिकामा करा, कुंड्यांखालच्या ताटल्या काढा, हे सगळं फळ्यावर लिहून दिलं. दुपारी घरी आले तर आरोग्य विभागाचा एक कर्मचारी घरोघरीच्या पाहणीसाठी दारात उभा होता. पाण्याची टाकी, पिंप, फ्रिज, ताटल्या सगळं त्याने पाहिलं. कुठेच काही सापडलं नाही, म्हणून मी मनातल्या मनात खूश होते.

निघता निघता तो फणसाखाली थांबला. तिथे माझ्या बारा कुंड्या होत्या, लाल-हिरव्या पानांच्या. त्याने टॉर्च लावला आणि म्हणाला, “मॅडम, हे काय?”

“अहो, ती शोभेची झाडं आहेत. ब्रोमेलियाड.”

“झाडं दिसतायत. मी पाण्याचं विचारतोय.”

मी वाकून पाहिलं. पानांच्या मधल्या खोलगट पेल्यात स्वच्छ पाणी होतं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. एका झाडात नव्हे, नऊ झाडांत. त्याने काही न बोलता वहीत माझ्या घरासमोर नोंद केली आणि ‘आठ दिवसांनी परत येतो’ म्हणून निघून गेला.

समोरच्या घरातला सहावीतला मुलगा तेव्हा आमच्याच वॉर्डात डेंग्यूने दाखल होता. तो बरा होऊन घरी आला. त्याला चावलेला डास माझ्या कुंडीत वाढला होता की आणखी कुठे, हे सांगणं शक्य नाही. पण एडिस जातीचा डास फार लांब उडत नाही, बहुतेक वेळा जन्मलेल्या जागेपासून शे-दोनशे मीटरांत राहतो. समोरचं घर माझ्या फणसापासून तीस पावलांवर आहे. ही गोष्ट मला विसरता आलेली नाही.

झाडं फेकून द्यावीत असं त्या संध्याकाळी वाटलं. मग ठरवलं की आधी नीट समजून घ्यावं. आता मुंबई, कोकण, गोव्यातल्या बागांमध्ये, गृहसंकुलांच्या प्रवेशद्वारांशी आणि बाल्कन्यांमध्ये ही झाडं सर्रास दिसतात. ती सुंदर आहेत, फारशी देखभाल मागत नाहीत आणि आपली दमट हवा त्यांना मानवते. म्हणून ती कशी वाढवावीत आणि डास न वाढवता कशी वाढवावीत, हे दोन्ही आज एकत्रच सांगते.

अननसाची भावंडं

ब्रोमेलियाड म्हणजे अननसाचं कुळ. या कुळात तीन हजारांहून जास्त जाती आहेत आणि पश्चिम आफ्रिकेतली एक जात सोडली तर बाकी सगळ्या मूळच्या अमेरिका खंडांतल्या. अननस सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर भारतात आला, आणि ‘अननस’ हा शब्दही दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून पोर्तुगीजमार्गे आपल्याकडे पोचला. शोभेची भावंडं मात्र आपल्या नर्सऱ्यांत बऱ्याच उशिरा आली.

डॉक्टर म्हणून मला एक योगायोग आवडतो. या कुळाचं नाव ज्यांच्यावरून पडलं ते ओलोफ ब्रोमेलियस सतराव्या शतकातले स्वीडिश वैद्य होते, वनस्पतींचे अभ्यासकही. याच कुळातल्या टिलँडसिया या मोठ्या गटाला लिनियसने एलियास टिलँड्झ या वैद्याचं नाव दिलं. हे टिलँड्झ समुद्रप्रवासात इतके बेजार झाले, की परत जाताना बोट टाळून आखाताला वळसा घालून जमिनीवरून गेले, अशी गोष्ट सांगतात. या झाडांनाही पाणी सोसत नाही असं लिनियसला वाटलं, म्हणून हे नाव. हे नाव लक्षात ठेवा. ब्रोमेलियाड मरतात ती बहुधा पाण्याअभावी नव्हे, तर मुळाशी पाणी साचून.

पेला कशासाठी?

यातल्या कित्येक जाती जंगलात जमिनीवर वाढतच नाहीत. त्या झाडांच्या फांद्यांवर बसतात, पण बांडगुळासारखा त्या झाडाचा रस शोषत नाहीत. मुळांचं मुख्य काम फांदीला घट्ट धरून राहणं. मग पाणी कुठून? पानांची बुडं एकमेकांत अशी घट्ट बसलेली असतात की मध्ये पेला तयार होतो. पावसाचं पाणी, पडलेली पानं, किड्यांची विष्ठा त्यात जमते, कुजते, आणि पानांवरचे सूक्ष्म खवले ते पाणी आणि क्षार शोषून घेतात. मोठ्या झाडांत काही लिटर पाणी मावतं. घरातल्या कुंडीतल्या झाडात थोडंसंच. पण डासाला थोडंसंही पुरतं.

या पेल्यात काय काय राहतं याचा पहिला मोठा अभ्यास क्लोदोमिरो पिकादो या कोस्टा रिकाच्या शास्त्रज्ञाने केला. १९१३ साली पॅरिसमध्ये त्यांनी त्यावर प्रबंध सादर केला. पुढे मायदेशी परतून त्यांनी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सर्पविषावर मोठं काम केलं. त्यांना या पेल्यांत बेडूक, कोळी, चतुरांच्या अळ्या असं एक लहानसं तळंच सापडलं.

या तळ्याचा माणसाच्या आरोग्याशी संबंध त्रिनिदादमध्ये ठळकपणे दिसला. तिथल्या कोकोच्या बागांना सावली देण्यासाठी आपल्या पांगाऱ्याची भावंडं शोभावीत अशी मोठी झाडं लावलेली होती. त्या झाडांवर हजारो ब्रोमेलियाड वाढले आणि त्यांच्या पेल्यांत अॅनॉफिलिस बेलॅटर हा मलेरिया पसरवणारा डास वाढला. डबकी बुजवून उपयोग होईना, कारण डबकी डोक्यावर होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॉलिन पिटेंड्रिघ या तरुण शास्त्रज्ञाने त्यावर काम केलं आणि मोरचुदाच्या फवाऱ्याने झाडांवरचे ब्रोमेलियाड मारण्यात आले. पिटेंड्रिघ पुढे सजीवांच्या शरीरातल्या घड्याळाचे अभ्यासक म्हणून जगभर ओळखले गेले. डास कोणत्या वेळी चावतात, हा प्रश्नही त्यांनी त्रिनिदादमध्येच हाताळला होता.

आपल्याकडे प्रश्न मलेरियाच्या त्या डासाचा नाही, एडिसचा आहे. इथे एक गंमत आहे. ब्राझीलमध्ये रिओ द जानेरोच्या वनस्पती उद्यानातल्या ब्रोमेलियाडमध्ये संशोधकांनी अळ्या मोजल्या, तेव्हा डेंग्यूच्या डासाच्या अळ्या अगदी नगण्य निघाल्या. बहुतेक अळ्या तिथल्या स्थानिक डासांच्या होत्या. उलट अमेरिकेत मायामी भागातल्या शोभेच्या ब्रोमेलियाडमध्ये एडिस मोठ्या संख्येने सापडला. २०१६ मध्ये तिथे झिका पसरला तेव्हा मायामी बीचच्या प्रशासनाने सार्वजनिक जागांवरचे ब्रोमेलियाड उपटून टाकले. म्हणजे हे झाड स्वतः दोषी नाही. ते कुठे आहे, त्याच्या पाण्यात आणखी कोण राहतं आणि त्या पाण्याकडे कोणी लक्ष देतं का, यावर सगळं ठरतं. आपल्या अंगणात ना तिथले बेडूक आहेत, ना तिथले स्थानिक डास. आहे ते फक्त स्वच्छ, सावलीतलं, न हलणारं पाणी.

झिकाही आता परका राहिलेला नाही. राज्यातला पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी सापडला आणि २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात अनेक रुग्ण आढळले. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका, तिन्हींचा वाहक हा एकच डास.

आठ दिवसांचं गणित

एडिसची मादी अंडी पाण्यात नव्हे, तर पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, ओल्या भिंतीला चिकटवते. ही अंडी कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. पाणी चढून त्यांना लागलं की अळ्या बाहेर पडतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या हवेत साधारण आठ ते दहा दिवस लागतात, उष्णता जास्त असेल तर सातही पुरतात.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, पाणी आठवड्यातून एकदा बदलणं म्हणजे काठावर चालणं. एक रविवार चुकला की डास उडाला. म्हणून ब्रोमेलियाडसाठी मी आठवड्यातून दोनदा हा नियम धरला आहे. दोन, नुसतं पाणी ओतून दिलं तर पानांना चिकटलेली अंडी राहतात. तेव्हा कुंडी आडवी किंवा उलटी करून पेला रिकामा करा आणि पाइपने जोराचा झोत मारून धुऊन काढा. फक्त मधला पेला नव्हे, बाहेरच्या प्रत्येक पानाच्या बेचक्यातही पाणी असतं, तिथेही झोत गेला पाहिजे. ते पाणी गटारात किंवा दुसऱ्या भांड्यात नको, मोकळ्या जमिनीवर ओता. मातीवर अळ्या काही वेळातच मरतात.

जमिनीत लावलेली मोठी झाडं उलटी करता येत नाहीत. तिथे झोत मारणं हाच मार्ग, किंवा बीटीआय. बीटीआय हे १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात सापडलेल्या एका जिवाणूपासून बनवलेलं औषध. ते अळ्यांच्या आतड्यावर काम करतं. लेबलवर लिहिल्याप्रमाणे वापरलं तर माणसं, पाळीव प्राणी, मासे, मधमाश्या यांना अपाय करत नाही आणि झाडालाही इजा होत नाही. आपल्याकडेही डास नियंत्रणासाठी ते वापरलं जातं. मात्र एकदा टाकून काम संपत नाही, ठरलेल्या दिवसांनी पुन्हा टाकावं लागतं. तुमच्या भागातल्या आरोग्य विभागाकडे चौकशी करा.

काही घरगुती उपाय मात्र करू नका. पेल्यात रॉकेल किंवा खाद्यतेल टाकलं तर अळ्यांबरोबर पानांचे खवलेही गुदमरतात आणि झाड सडतं. मीठ, फिनेल, ब्लीचिंग पावडरने तेच होतं. तांब्याचं नाणं किंवा तार टाकण्याचा सल्ला काही जण देतात, पण तांबं या कुळाला विषारी आहे. त्रिनिदादमध्ये मोरचूद वापरला तो याच कारणाने. कोकणातल्या बागायतदारांनी आणखी एक काळजी घ्यावी. सुपारीवर बोर्डो मिश्रण फवारताना त्याचे तुषार खालच्या ब्रोमेलियाडवर पडू देऊ नका. बोर्डोमध्ये मोरचूदच असतो. फवारणीच्या दिवशी कुंड्या हलवा किंवा झाकून ठेवा.

कोणतं झाड, कुठे

सगळ्यात सोपा उपाय खरेदीच्या वेळीच करता येतो. सगळ्या ब्रोमेलियाडना पेला नसतो. क्रिप्टँथस हे जमिनीलगत चांदणीसारखं पसरणारं झाड आहे, त्यात पाणी फारसं साठत नाही. डिकिया काटेरी, कोरफडीसारखं दिसणारं, उन्हात राहणारं. आणि टिलँडसियातल्या ‘एअर प्लँट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जाती. त्यांना माती लागत नाही, लाकडावर किंवा तारेवर टांगून ठेवता येतात. जटांसारखं लोंबणारं ‘स्पॅनिश मॉस’ हेही टिलँडसियाच. ही झाडं आठवड्यातून दोन-तीनदा भिजवून उलटी झटकायची आणि चार तासांत वाळतील अशा वाऱ्यावर ठेवायची. घरात कोणी गरोदर असेल, किंवा आठवडाभर बाहेरगावी जाण्याची सवय असेल, तर हीच घ्या.

पेल्याचे प्रकार हवे असतील तर उजेडाचा हिशोब पाहा. निओरेगेलियाला भरपूर उजेड आणि सकाळचं कोवळं ऊन मिळालं तरच पानांचा लाल, जांभळा रंग टिकतो. सावलीत तो हिरवा पडतो आणि पानं लांबुडकी होतात. गुझमानिया आणि व्रिसिया सावलीतली, दुपारच्या उन्हात त्यांची पानं करपतात. एकमिया फॅसिआटाला चंदेरी पट्ट्यांची पानं आणि गुलाबी तुरा असतो. त्याला उजेड हवा, पण मे महिन्यातलं थेट ऊन नको.

कुंडी लहान घ्या. बागेतली काळी किंवा लाल माती भरू नका, ती दाबून बसते आणि मुळं कुजतात. नारळाच्या सोडणाचे तुकडे, विटांचे बारीक तुकडे आणि लाकडी कोळसा सारख्या प्रमाणात घेतला तर पाणी लगेच निथळतं आणि मुळांना हवा मिळते. झाड लावताना बूड खोल पुरू नका. कुंडीखाली ताटली ठेवू नका, नाहीतर पेला रिकामा करून डासांना ताटली दिल्यासारखं होईल.

पावसाळ्यात या कुंड्या पडवीत किंवा बाल्कनीत, पागोळ्या पडणार नाहीत अशा जागी घ्या. म्हणजे पेल्यात किती पाणी राहील हे पाऊस ठरवत नाही, तुम्ही ठरवता. कुंडीत वाढलेल्या झाडाची मुळंही पाणी घेतात. म्हणून दमट दिवसांत मिश्रण थोडं ओलं ठेवलं आणि पेला जवळजवळ कोरडा ठेवला तरी झाड तगतं. उन्हाळ्यात पेल्यात थोडं पाणी घाला, पण ते दर तीन-चार दिवसांनी बदला. बोअरचं जड पाणी वापरलं तर पानांवर पांढरे डाग पडतात, साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम. अर्थात ते साठवण्याचं पिंप घट्ट झाकलेलं हवं.

खत कमी द्या. अगदी पातळ केलेलं द्रवखत महिन्यातून एकदा मुळाशी पुरे. पेल्यात खत, ताक, चहाचा चोथा काहीही टाकू नका. पेल्यात पडलेली पानं आणि कोमेजलेली फुलं काढत जा.

फुलाबद्दल अनेकांचा गैरसमज होतो. यातली बहुतेक झाडं आयुष्यात एकदाच फुलतात. तुरा काही महिने टिकतो, मग आईझाड हळूहळू वाळू लागतं. ते मेलं म्हणून फेकू नका. बुडाशी पिल्लं येतात. पिल्लू आईच्या निम्म्याएवढं झालं की धारदार, स्वच्छ चाकूने वेगळं करून लावा. पूर्ण वाढलेलं झाड फुलतच नसेल तर पेला रिकामा करून पिकलेल्या सफरचंदासह ते आठवडाभर प्लॅस्टिकच्या पिशवीत, सावलीत बांधून ठेवतात. सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो आणि काही आठवड्यांनी तुरा येऊ शकतो. अननसाच्या शेतात फुलं एकदम यावीत म्हणून इथिलीन सोडणारं औषध वापरतात, त्यामागे हेच तत्त्व आहे.

डॉक्टर म्हणून आणखी तीन सूचना. निओरेगेलिया, एकमिया, डिकिया यांच्या पानांच्या कडा करवतीसारख्या असतात. हाताळताना जाड हातमोजे घाला, कुंड्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवू नका, आणि खोल ओरखडा गेला तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. काहींना एकमियाच्या रसाने त्वचेवर पुरळ उठतं, तेव्हा हात साबणाने धुवा. आणि ‘हे झाड रात्री ऑक्सिजन देतं, म्हणून बेडरूममध्ये ठेवा’ या निरोपावर विश्वास ठेवू नका. यातल्या काही जाती रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतात हे खरं, पण ऑक्सिजन उजेडातच तयार होतो. दिवसा चावणारा डास बेडरूममध्ये वाढवणं हा तर तोट्याचाच व्यवहार.

आणि ताप आलाच तर

अचानक चढलेला ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंग आणि सांधे मोडून येणं असं काही झालं तर पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात घ्या आणि भरपूर पातळ पदार्थ प्या. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या स्वतःहून घेऊ नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. पहिल्या पाच दिवसांत एनएस१ तपासणी उपयोगी पडते, त्यानंतर आयजीएम.

सगळ्यात महत्त्वाचं, ताप उतरला म्हणजे धोका टळला असं समजू नका. डेंग्यूत खरा अवघड काळ बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरताना सुरू होतो. पोटात जोराचं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, मूल मलूल किंवा चिडचिडं होणं, यातलं एक जरी दिसलं तरी रात्र काढू नका, रुग्णालयात या. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून उशीर केलेले रुग्ण मी पाहिले आहेत. आणि नुसत्या प्लेटलेटच्या आकड्यावरून घाबरूही नका. रुग्णाची नाडी, रक्तदाब, लघवी आणि रक्ताचा घट्टपणा हे सगळं मिळून डॉक्टर निर्णय घेतात.

समोरच्या मुलालाही असंच पाचव्या दिवशी पोटात दुखू लागलं होतं. त्याच्या आईने ताप उतरला म्हणून घरी थांबण्याऐवजी लगेच आणलं, म्हणून सगळं सोपं गेलं.

बारा कुंड्यांपैकी आता माझ्याकडे पाच आहेत, पडवीत. फणसाखालच्या जागेत क्रिप्टँथस लावला आहे. बुधवार आणि रविवार हे उलटं करण्याचे दिवस. माझी ड्यूटी असली तर तो समोरचा मुलगा येतो आणि ‘डॉक्टर काकू, आज बुधवार’ म्हणत पाइप हातात घेतो. त्याच्या आईला मी ते अळ्यांचं सगळं सांगून टाकलं होतं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “आमच्याही अंगणात सुपारीच्या विऱ्या पडून होत्या हो, त्यात पाणी साचलं होतंच की.”

तिचं म्हणणं बरोबर आहे. गळलेल्या विरीत, अळवाच्या बेचक्यात, टाकून दिलेल्या करवंटीत, टायरमध्ये, गच्चीवरच्या ताडपत्रीच्या खळग्यात डास वाढतातच. पण ती जागा सगळ्यांना ठाऊक असते. ब्रोमेलियाडचा पेला मात्र शोभेचा असतो, म्हणून तो नजरेतून सुटतो. माझ्याही सुटला.

तुमच्याकडे किंवा तुमच्या सोसायटीच्या फाटकाशी ही झाडं असतील तर आज अंधार पडण्याआधी टॉर्च घेऊन एकदा वाकून पाहा. पाणी हललं तर लगेच ओता, आणि चौथ्या दिवशी पुन्हा.